नुसतं ‘बरं आहे’

आमच्या गावात बघण्यासारख्या गोष्टी चार. घड्याळाचा मनोरा, दगडी पूल, जुना तुरुंग आणि छपराचा बाजार. त्यातलं घड्याळ बंद आहे आणि तुरुंग सोमवारी बंद असतो. ही चार ठिकाणं अडीच तासांत दाखवायची आणि मधेमधे पाहुण्यांना पाच ठिकाणी खाऊ घालायचं, हा माझा उद्योग. कंपनीच्या पत्रकावर याला ‘चालत चालत चव’ असं नाव आहे. नाव देणारा कधी चालला नसावा. एकदा पोटात काही गेलं की पाहुण्यांना मनोऱ्यात रस राहत नाही, ते बसायला जागा शोधतात.

तिसरा थांबा माझ्या सख्ख्या बहिणीचा. पुलाच्या अलीकडच्या गल्लीत तिची खानावळ आहे. सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंतीत एक खिडकी, तिच्यातून वाडगे बाहेर येतात. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. माझं वय शेहेचाळीस, डोक्यावर केस नाहीत, तरी तिच्यासाठी मी छोट्याच. तेही पाहुण्यांसमोर. तिच्याकडे एकच पदार्थ मिळतो, कांद्याचं सूप आणि सोबत पाव. दोन तास मंद आचेवर कांदे परतायचे, ते मधाच्या रंगाचे झाले की हाडांचं उकळलेलं पाणी घालायचं, मग आणखी एक तास. तिचं सूप आलं की लोक पावाने पुसून वाडगा कोरडा करायचे, आणि तेवढ्यात मीही बसून घ्यायचो.

दोन वर्षांपूर्वी ताईला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिला येणारा वास घेऊन गेला, आणि वासामागोमाग चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत. सहा महिन्यांनी म्हणाले, येते कधीकधी. त्यानंतर आम्ही विचारणं सोडून दिलं. तिने मला कुणालाही सांगायची बंदी केली. स्वयंपाकिणीला चव लागत नाही हे कळलं तर लोक कीव करायला येतील, जेवायला येणार नाहीत, असं तिचं म्हणणं. आणि जेवायला तसंही कोण येत होतं? पुलापलीकडे नवी दुकानं झाल्यापासून त्या गल्लीत आमच्या टोळीशिवाय कुणी फिरकत नव्हतं. आठवड्यातून चार दिवस मी माणसं आणायचो म्हणून तिचा गॅस पेटायचा.

तेव्हा आम्ही दोघांनी एक भाषा काढली. पाहुणे बसले की पहिला वाडगा ती मला द्यायची. मी एक चमचा घ्यायचो आणि मोठ्याने एक शब्द बोलायचो. ‘छान’ म्हणजे मीठ कमी. ‘मस्त’ म्हणजे गोडसर झालंय, आंबट काहीतरी पिळ. ‘अप्रतिम’ म्हणजे खारट, दोन तांबे पाणी ओत. ‘लाजवाब’ म्हणजे करपलंय, नुसता पाव दे आणि काहीतरी सबब सांग. आणि सगळं जिथल्या तिथे असेल तर मी नुसतं ‘बरं आहे’ म्हणायचो. पाहुण्यांसमोर वाईट बोलायचं नव्हतं म्हणून ही युक्ती, पण तिचा परिणाम असा की सूप जितकं बिघडलेलं, तितकी माझी स्तुती चढत जायची. नाकाने कांदे सोलणारे काही पाहुणे असतात, त्यांनी माझी जीभ मेली असल्याचं कंपनीला लेखी कळवलं होतं. ताईला मी ते वाचून दाखवलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

हसण्याचे दिवस फार टिकले नाहीत. कंपनीच्या मालकीणबाईंनी ठरवलं की पाच थांबे जास्त होतात, एक कमी करायचा. कुठला, ते त्या स्वतः टोळीबरोबर येऊन ठरवणार होत्या. तसं बघितलं तर त्यांच्या मनात ठरलेलंच होतं. तिसऱ्या थांब्याबद्दल लोक कधी चांगलं लिहितात, कधी वाईट, असं का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. मी म्हणालो होतो, कांद्यावर असतं. बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बाई येणार त्या दिवशी सकाळी आठला मी ताईकडे डोकावलो. ती पातेल्यावर कान लावून उभी होती. मला वाटलं आता डोक्यावरही परिणाम झाला. पण गेले काही महिने ती आवाजावर स्वयंपाक शिकत होती, मला न सांगता. कांदे आधी चुरचुरतात, मग हळूहळू बारीक बोलतात, मग गप्प होतात, आणि गप्प झाल्यावर लगेच पाणी घालायचं असतं, असं तिने मला समजावलं. मीठ ती काट्यावर तोलत होती. रंगासाठी तिने खिडकीजवळ एक पांढरी बशी ठेवली होती, तिच्यावर थेंब टाकून बघत होती.

“आज जमणार,” ती म्हणाली. “आज तू चाखू नकोस. मी थेट वाढते.”

मी म्हणालो, आज नको. उद्यापासून हवं तर थेट वाढ, पण आज बाई आहेत, आज कशाला जिवावर उदार होतेस. तिचा चेहरा उतरला हे मला दिसलं, आणि तरी मी माझा हेका सोडला नाही. शेवटी तिने बरं म्हटलं आणि परत पातेल्याकडे वळली.

साडेअकराला आम्ही अकरा जण तिथे पोचलो. बाई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. खिडकीतून वाडगा आला, मी चमचा तोंडात घातला.

आता हे कसं सांगू. ते तापाआधीचं सूप होतं. त्याच्याहूनही चांगलं असेल, मला सांगता येत नाही, कारण दोन वर्षं मी ते विसरायचा प्रयत्न करत होतो. कांदा जिभेवर आला आणि विरघळला, त्यामागून मिरी आली, आणि मीठ इतकं नेमकं की मीठ आहे हे कळतही नव्हतं. माझ्या बहिणीने हे कान लावून केलं होतं. मला इतका आनंद झाला की मी कोण, कुठे बसलोय, शेजारी कोण आहे, सगळं विसरलो.

“अप्रतिम,” मी म्हणालो.

खिडकीतला ताईचा चेहरा क्षणभर तसाच राहिला. मग तिने नेहमीसारखी मान हलवली आणि ती आत गेली.

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मग मला त्याचा आमच्या भाषेतला अर्थ आठवला. उठून चार पावलं आत जायचं होतं, एवढंच. पण बाईंनी नेमका त्याच वेळी प्रश्न विचारला, हा पूल किती वर्षांचा. उठलो असतो तर का उठलो ते सांगावं लागलं असतं, दोन वर्षं लपवलेलं सगळं बाईंसमोर उघडं पडलं असतं. आतून नळाचा आवाज आला. एक तांब्या. मी पूल कुणी बांधला ते सांगितलं. दुसरा तांब्या. मी पुलाला कमानी किती ते सांगितलं. आजही मला कुणी विचारलं की तू त्या वेळी काय करत होतास, तर मी कमानी मोजत होतो हे खरं उत्तर आहे.

वाडगे आले. कोमट, फिकं, वर कांद्याचे तुकडे तरंगतायत. पाहुणे भले होते, त्यांनी पाव बुडवून बुडवून खाल्ला. बाईंनी दोन चमचे घेतले आणि चमचा खाली ठेवला. त्या रागावल्या असत्या तर मला चाललं असतं.

“तुमची बहीण आहे ना?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मी समजू शकते.”

बाजाराच्या दारात पोचेपर्यंत निर्णय झालेला होता. पुढच्या आठवड्यापासून चार थांबे. त्यांनी मला इतक्या सौजन्याने सांगितलं की मी आभार मानले.

चार वाजता मी परत गेलो. ताई पातेलं घासत होती. काही उरलेलं नव्हतं, आणि उरलं असतं तरी काय उपयोग होता, पाणी घातलेलं सूप कुणाला दाखवणार. मी तिला बाईंचं सांगितलं. तिला ते अपेक्षित असावं, घासायचा हात थांबला नाही. मग मी बाकीचं सांगितलं. सकाळचं सूप जसं होतं तसंच वाढायला हवं होतं, त्यात काहीही कमी-जास्त नव्हतं, तो शब्द माझ्या तोंडून आनंदाने निसटला, आणि नंतर उठून तुला थांबवायची माझी छाती झाली नाही.

तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

“फार खारट होतं का?” ती म्हणाली. “दोन तांबे पुरले नाहीत का?”

“खारट नव्हतं, ताई. खरंच चांगलं होतं.”

“असू दे रे.”

मी परत पहिल्यापासून सांगितलं. मिरी कशी लागली, कांदा कसा विरघळला, आधीच्या सुपाशी तुलना करून सांगितलं. जितकं जास्त सांगत गेलो तितकी ती मायेने माझ्याकडे बघायला लागली, आणि मला तिथेच कळलं की हे संपलं. मी आईची शपथ घेतली. ती म्हणाली, आईची शपथ तू चौथीपासून खोटी घेतोस. ते खरं होतं.

“तू आता काहीही म्हणालास ना,” ताई म्हणाली, “तरी मला एवढंच वाटणार, की यात काय घालू. तुझा दोष नाही. मीच शिकवलं तुला.” पातेलं तिने उपडं घातलं. “एका गोष्टीचं वाईट वाटतं. सकाळी मला आतून वाटत होतं, जमलंय म्हणून. पक्कं वाटत होतं. म्हणजे तेही गेलं.”

ते गेलेलं नव्हतं. तेवढं एकच तिच्याकडे शिल्लक होतं आणि ते अचूक होतं. जगात हे फक्त मला ठाऊक आहे, आणि तिला पटवून द्यायला माझ्याजवळ एकही शब्द उरलेला नाही. मी भिंतीला टेकून रडलो. तिने हात पुसले, गॅसचा मोठा नळ भिंतीपाशी बंद केला, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

मग तिने विचारलं, चार थांबे म्हणजे तुला घरी जायला आता लवकर मिळेल ना. मी म्हणालो, हो, अर्धा तास तरी. ती म्हणाली, चल, ते एक बरं झालं.