टाकीच्या तळाच्या चार कुप्या

मूल्यमापन समितीने बाईंच्या तीस वर्षांच्या कामाला पाऊण तास दिला. संस्थेत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना ओळखतात कशा, या एकाच प्रश्नापाठी त्यांचं आयुष्य गेलं होतं.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अठरा वर्षांपूर्वीचा हा तुमचा शोधनिबंध, पांढऱ्या पेशींवरच्या नव्या प्रथिनाबद्दलचा. आजवर अकरा लेखांत याचा संदर्भ. त्यातले चार तुमचेच. याला प्रभाव कसं म्हणायचं?"

वर्षअखेरीस प्रयोगशाळा रिकामी करायचं ठरलं.

"अकरा म्हणजे अख्खा संघ झाला की गं!" नवरा म्हणाला. बाई हसल्या, पण ताट अर्धवट सोडून उठल्या.

आवराआवर सुरू झाली. त्यांच्यासोबत वीस वर्षं काढलेला तंत्रज्ञ द्रव नायट्रोजनच्या टाकीतल्या गोठवलेल्या कुप्यांची यादी करत होता. दर तासाला टाकीची पातळी तपासायच्या सवयीमुळे त्याला सगळे 'पहारेकरी' म्हणत. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे दुसऱ्या शहरातली एक बालरोगतज्ज्ञ होती.

"मॅडम, माझ्याकडे पाच महिन्यांचं बाळ आहे. एक संसर्ग बरा झाला की दुसरा. याच्या आधीचा भाऊ असाच गेला, कारण कळलंच नाही. मला शंका आहे, तुम्ही शोधलेलं ते प्रथिन याच्या पेशींवर नसावंच. पण ते ओळखणारी अँटीबॉडी बाजारात मिळत नाही. तुमच्याकडे आहे?"

प्रथिन असेल तिथे चिकटून ते दाखवून देणारी ती अँटीबॉडी केव्हाच संपली होती. ती तयार करणाऱ्या उंदराच्या पेशी मात्र बाईंनी तेव्हा गोठवून ठेवल्या होत्या. त्यांनी पहारेकऱ्याकडे पाहिलं. त्याने यादीवर बोट फिरवलं. "चार कुप्या आहेत बाई. अगदी तळाला. टाकून द्यायच्या यादीत घातल्या होत्या."

पहिली कुपी त्यांनी कोमट पाण्यात झटकन वितळवली, पेशी धुतल्या, निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. मेलेली पेशी तो रंग आत घेते. सगळ्याच पेशी निळ्या दिसल्या. दुसऱ्या कुपीचीही तीच गत.

"मधे एकदा टाकीतला नायट्रोजन आटला होता," पहारेकरी पुटपुटला. "मी रजेवर होतो तेव्हा."

"मग तुझा काय दोष? लग्न होतं ना तुझं?"

"तरी."

बाई दोन दिवस पुढे सरकल्या नाहीत. हात लावला आणि उरलेल्या दोन कुप्याही गेल्या तर? डॉक्टरीणबाईंचा रोज निरोप यायचा: बाळाला ताप आहे, बाळाला ऑक्सिजन लावलाय. तिसऱ्या दिवशी बाईंनी जुनी वही काढली. सुरुवातीच्या काळात त्या अशक्त पेशींना एकट्या वाढवत नसत. उंदराच्या प्लीहेतल्या ताज्या पेशींचा थर आधी अंथरायचा आणि त्यावर या सोडायच्या, म्हणजे त्या तग धरतात. नंतर तयार पोषकद्रव्यं मिळू लागली आणि तो खटाटोप सुटला होता.

"सोबत लागते रे यांना," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या कुपीतल्या बहुतेक पेशी निळ्याच निघाल्या. मोजून सात-आठ तेवढ्या चकचकीत, जिवंत होत्या. बाईंनी त्या थरावर सोडल्या आणि आठवडाभर पेशी वाढवायच्या उबदार पेटीचं दार उगाच कुणाला उघडू दिलं नाही. नवव्या दिवशी पहारेकरी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेना.

"अरे, मला बघू दे की!"

"बाई, झुबका झालाय. द्राक्षांसारखा."

बाईंनी पाहिलं. रडू येत होतं, ते त्यांनी आवरलं नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत पुरेशी अँटीबॉडी जमली. पहारेकरी बर्फाची पेटी घेऊन स्वतःच आगगाडीने गेला. कुरियरवर त्याचा भरवसा नव्हता. दोनच दिवसांत डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आईच्या पेशींवर प्रथिन होतं, वडिलांच्या होतं, सहा वर्षांच्या ताईच्याही होतं. बाळाच्या पेशींवर अजिबात नव्हतं. दुखणं नेमकं कळलं होतं, आणि त्यावर अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाचा उपाय होता. ताईची मज्जा जुळली.

प्रत्यारोपणानंतर सात आठवड्यांनी बाई इस्पितळात गेल्या. काचेपलीकडे बाळ आईच्या मांडीवर पाय झाडत होतं. पुढचे काही महिने फार जपावं लागणार होतं, पण पहिल्या तपासणीत त्याच्या रक्तात ताईच्या पेशी रुजलेल्या दिसल्या होत्या.

काचेला नाक लावून उभ्या असलेल्या ताईने बाईंकडे वर पाहिलं. "तुम्ही डॉक्टर?"

"नाही गं. मी पेशी सांभाळते."

"माझ्या त्याला दिल्यात," ती ऐटीत म्हणाली. "आता तो रडका नाही होणार. मी नाहीये ना रडकी."

नेमकं तेव्हाच आतून बाळाने जोरदार भोकाड पसरलं. ताईचा चेहरा पडला. बाई खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "भूक लागली असेल त्याला. चांगलंच आहे की ते!"