माझ्या पोटातले अकरा कागद

मित्रांनो, मी तिसरीत शिकणाऱ्या एका मुलीचं जुनं दप्तर आहे. माझ्या बंदांचा रंग उडाला आहे आणि एक शिवण नुकतीच घालून आणली आहे. ती शिवण कशी उसवली, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म बिलोलीचा. संगप्पा शिंप्याने एक जुनी जीन्सची पँट उसवून मला शिवलं. ती पँट व्यंकटची, म्हणजे माझ्या ऋतुजाच्या वडिलांची. ते बिलोलीत बी-बियाण्याच्या दुकानात नोकरीला आहेत. पँटीचे दोन्ही खिसे संगप्पाने माझ्या अंगावर तसेच ठेवले. पहिलीत असताना वर्गातली पोरं त्या खिशांत हात घालून बघायची आणि मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू, मला कौतुक आवडतं.

दोन वर्षं सुखाची गेली. तिसरीला दयानंद सर आले. ते रोज गृहपाठाचा एक छापील कागद द्यायचे. तो घरी सोडवायचा आणि दुसऱ्या दिवशी परिपाठ सुटला की त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. तिसरी आणि चौथी त्यांना एकट्यालाच सांभाळायची असल्यामुळे त्यांना उसंत नसायची. ते गठ्ठा उचलायचे, ज्यांचा कागद आला नाही त्यांची नावं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे आणि शिकवायला लागायचे.

ऋतुजा तो कागद रोज सोडवायची. माझ्याइतकं हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? संध्याकाळी ती पायरीवर बसायची, मला मांडीवर आडवं घ्यायची आणि माझ्यावर कागद ठेवून लिहायची. वजाबाकी अडली की माझा बंद चावायची. मग कागदाची घडी घालून माझ्यात टाकायची आणि विसरून जायची. दुसऱ्या दिवशी मला वर्गातल्या खिळ्याला अडकवलं, की ती परिपाठाला जायची. तिथून मैत्रिणींसोबत थेट झाडांना पाणी घालायला. कागद माझ्या तळाशी पडून राहायचा.

मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. एकदा सगळा जोर लावून चेन उघडी पाडली, म्हणजे कागद तरी दिसेल. ऋतुजाने तिथे सेफ्टी पिन लावली. एकदा खिळ्यावरून खाली पडलो. तिने मला उचललं, माती झटकली आणि पुन्हा अडकवून पाणी घालायला पळाली. इतकी मायाळू पोर, पण माझं मेलीला काही कळेना.

ग्रुपवर दोनदा नाव आल्यावर तिच्या आईने, बबिताने, एक उपाय केला. बबिताच्या पदराला नेहमी एखादी गाठ असते. दुकानातून हिंग आणायचा असला, कोणाला निरोप द्यायचा असला, की ती पदराला गाठ मारते. काम झालं की सोडते. तिच्या आईनेही तसंच केलं आणि तिच्या आजीनेही. बबिताने माझ्या बंदाला एक घट्ट गाठ मारली आणि ऋतुजाला म्हणाली, "गाठ मारली हाय बघ. इसरू नको."

मला हायसं वाटलं. सकाळी वर्गात आल्यावर ऋतुजाने ती गाठ पाहिली. आता कागद निघणार म्हणून मी श्वास रोखून बसलो. तिने ती गाठ आधी नखांनी आणि मग दातांनी सोडवली. बंद सरळ केला, त्यावरून हात फिरवला आणि एक मोठं काम झाल्यासारखी आनंदाने पळाली.

मित्रांनो, आठ वर्षांच्या मुलीने आईला गाठ मारताना पाहिलं होतं आणि सोडताना पाहिलं होतं. मधलं काम तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी गाठ सोडणं हेच काम होतं.

संध्याकाळी बबिताने विचारलं, गाठ सोडलीस का? ऋतुजा म्हणाली, हाव, सोडली. थोड्या वेळाने बबिताने मोबाईल उघडला, तर ग्रुपवर पुन्हा ऋतुजाचंच नाव. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज आई नवी गाठ मारायची, रोज विचारायची, रोज पोर खरं सांगायची आणि रोज खोटी ठरायची. शेवटी बबिता तिला लबाड म्हणाली. त्या दिवशी ऋतुजा जेवली नाही. मला पोटाशी धरून बसली. तिच्या नाकापासून चार बोटांवर ते कागद होते आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. एवढं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

मग व्यंकटने लातूरच्या एका निवासी शाळेचा फॉर्म आणला. इथे पोरीचं ध्यान नाही, वर खोटं बोलायची सवय लागली, तिथे शिस्त लागेल, असं त्यांचं म्हणणं. बबिताला ते पटत नव्हतं. तरी फॉर्मवर फोटो चिकटवून झाला. सोमवारी तो लातूरला पाठवायचं ठरलं. वसतिगृहाच्या यादीत थाळी, बादली, पत्र्याची पेटी होती आणि नवं दप्तरही. मी माझ्यासाठी रडलो नाही. रात्री झोपेत जी पोर आईचा पदर शोधते, ती तिथे काय शोधणार, या विचाराने मी कासावीस झालो.

शनिवारी सरांनी बबिताला शाळेत बोलावलं. ते रागावले नाहीत. पोरगी हुशार आहे, पण अकरा दिवस कागद दिला नाही, विचारलं तर घाबरून खाली मान घालून उभी राहते, एवढंच म्हणाले. बबिताचा मात्र तोल गेला. तिने ऋतुजादेखत मला खिळ्यावरून ओढलं, शाळेच्या पायरीवर नेऊन उलटं केलं आणि जोरात झटकलं. माझी बाजूची शिवण टरकन उसवली. पुस्तकं पडली, कंपास पडला, आणि त्यांच्यामागून घड्या घातलेले कागद एकेक करून खाली आले.

सरांनी ते उचलून तारखेप्रमाणे लावले. अकरा होते. एकाला चटणीचं तेल लागलं होतं. सगळे सोडवलेले होते.

बबिताने एकेक कागद उलटून पाहिला. तिने हळू आवाजात विचारलं, "म्या रोज गाठ मारत होते, ती दिसली न्हाई का तुला?"

"दिसली की. रोज सोडत होते म्या. एक दिस बी इसरले न्हाई."

 बबिताने पोरीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "लेकराला लबाड म्हनलं म्या."  ऋतुजाने एवढंच विचारलं, "मंग लातूरला जायचं का न्हाई?"

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

तो फॉर्म गेला नाही. व्यंकटने त्यावरचा फोटो सोडवून आपल्या पाकिटात ठेवला. आता संध्याकाळी बबिता आणि ऋतुजा मिळून कागदाची सुरळी करतात आणि ती बंदाच्या गाठीतच बांधतात. गाठ सुटली की कागद हातात येतो. तरी मधूनच ऋतुजा विसरते आणि पाणी घालून आल्यावर कागद घेऊन धावत टेबलाकडे जाते. मुलं विसरतात. त्यात गुन्हा नाही.

मित्रांनो, तुम्ही आम्हाला रोज एकदा तळापर्यंत रिकामं करत जा. आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझी हात जोडून विनंती सांगा. मूल खोटं बोलतंय असं वाटलं, तर त्याला काही म्हणण्याआधी त्याचं दप्तर उलटं करून बघा. करताना आमची शिवण उसवली तर उसवू द्या. ती संगप्पाकडे नेली की परत घालून मिळते.