पत्रकातली कोरी जागा

मित्रांनो, इंदूरच्या राजेंद्र नगरात, एका महिला मंडळाच्या कोठीत गंजत पडलेलं मी एक जुनं सायक्लोस्टाइल यंत्र आहे. मेणकागदावर टाइप केलेला मजकूर माझ्या रुळावर चढवायचा आणि दांडा फिरवायचा, की छापील कागद भराभर बाहेर पडत.

तो दांडा फिरवायचा बाळकृष्ण. जन्मल्यावर घरच्यांनी त्याला मुलगी समजून प्रेमलता नाव ठेवलं होतं, म्हणून मंडळातही तो सगळ्यांची प्रेमा होता. मंजिरी त्याची आयुष्याची जोडीदार. 'दोन बायकांनी घर मांडलंय' म्हणून घरमालकाने त्यांना बाहेर काढलं, तेव्हा मंडळाच्या सुलोचनाताईंनीच भांडून दुसरी खोली मिळवून दिली. मला ताईंचा केवढा अभिमान वाटायचा!

शहात्तर साली एका बैठकीत बाळकृष्ण म्हणाला, "मी पुरुष आहे. लहानपणापासून. मला बाळकृष्ण म्हणा."

थट्टेखोर इंदुमती हसली. "मग आता तुला भाऊ, भिया असं म्हणायचं का?"

"म्हण की!"

कोणीच म्हटलं नाही.

पुढे हुंड्याविरुद्ध पत्रक निघालं. वर ओळ होती, 'आपलं आयुष्य आपण ठरवू.' खाली कार्यकर्त्यांची नावं. त्यात बाळकृष्णने स्वतःचं नाव टाइप केलं. सकाळी छापायला आला, तर त्या नावावर चूक बुजवायचा लेप फासलेला.

"ताई, हे कोणी केलं?"

"मी. देख प्रेमा, तू आमचीच आहेस. जुनं नाव लाव, आत्ता छापू. पुरुषांच्या जाचातून सुटायला तर हे मंडळ काढलं आपण."

"मोर्चात काठी खाल्ली, तेव्हाही मी हाच होतो ना, ताई?"

त्याच्यासोबत आलेली मंजिरी म्हणाली, "चल, घरी जाऊ."

"पत्रकं उद्या वाटायची आहेत," असं म्हणून त्याने दांडा धरला.

मित्रांनो, मला इतकी चीड आली! अडकून बसावंसं वाटलं. पण यंत्राला नकार देता येत नाही. तीनशे कागद निघाले, प्रत्येकावर तीच कोरी जागा. त्याने नेहमीसारखा माझा रूळ घासलेटाने पुसला, झाकण लावलं आणि तो मंजिरीबरोबर गेला. पुन्हा आला नाही.

पुढच्या पत्रकाला ताईंनी स्वतः दांडा फिरवला. मेणकागद फाटला. "प्रेमाला बरं जमायचं," त्या पुटपुटल्या. अजूनही प्रेमाच!

माझा गंज काढा, मला तेल घाला, असं माझं म्हणणं नाही. पण तुमच्यातल्या कोणी आपलं नाव सांगितलं, तर त्याला त्याच नावाने हाक मारा. ताईंनी त्याला खोली मिळवून दिली. नाव तर त्याने स्वतःच आणलं होतं, नुसतं छापायचं होतं.