काखेतला थर्मास

ओफेलियाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, चार महिने. पत्र तीनच ओळींचं. 'ऑगस्टअखेर मी मुलीकडे चिलीला चालले, कायमची. त्याआधी मोन्तेविदेओला येऊन भेटशील का? हो की नाही, तेवढं कळव.' दुरास्नो गावच्या वाचनालयात नोकरीला असताना दोघं वीस वर्षं समोरासमोर बसली होती, आणि आदेमार पिन्तोसांनी तिला पुस्तकांपलीकडचं काही विचारलं नव्हतं.

फोनवर त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. अक्षर कुणाला लागत नसे, म्हणून लेखणी नको. राहिला लॅपटॉप. पण त्यात नवी सिस्टीम घातली आणि टचपॅड बिघडला. दोन शब्द टाइप करावेत, तो कर्सर टुणकन भलत्याच ओळीत. 'मी नक्की येईन' हे वाक्य एकदा पत्रातल्याच मांजरीच्या जुलाबांच्या हकिगतीत जाऊन बसलं. कर्सरलासुद्धा हे पटत नाही, असं आदेमारांनी मनाशी धरलं.

आज बावीस ऑगस्ट. शेजारच्या नेल्बाबाई आपल्या धाकट्या भावाला, पन्नाशीच्या विल्मारला, घेऊन आल्या. तो कॉम्प्युटर दुरुस्त करी. गावच्या रिवाजाप्रमाणे त्याच्याही, आदेमारांसारखाच, डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास, डाव्या हातात कडू चहाचा तुंबा. तसाच बसून तो उजव्या हातानं टाइप करू लागला.

"उडतोय की, मास्तर!" तो खुशीत म्हणाला. "माझ्याही हाताखाली उडतो, म्हणजे दोष मशीनचाच."

त्यानं ड्रायव्हर काढून परत घातला. मग माउस जोडला.

"तो धरू कशानं?" आदेमारांनी भीत भीत विचारलं.

पित्तामुळे डॉक्टरांनी नेल्बाबाईंचा कडू चहा बंद केला होता. त्यामुळे त्यांचे हातही मोकळे होते आणि डोळेही.

"थर्मास खाली ठेवा. दोघंही."

"खाली?"

"चड्डी सोडायला नाही सांगितली. तुंबाही ठेवा."

ठेवले. विल्मारनं दोन्ही हातांनी चार ओळी टाइप केल्या. कर्सर गुमान चालला.

"थर्मास दाबून धरता, म्हणून डावं मनगट टचपॅडवर टेकतं," बाई म्हणाल्या. "जुनी सिस्टीम काणाडोळा करायची. नवी करत नाही. आता बोला आदेमार, आता कोण आडवं येतंय?"

कुणीच नाही. आदेमारांचा हात पुन्हा थर्मासकडे गेला.

"थांबू का, मास्तर?"

"चल रे घरी," बाईंनी भावाला दंडाला धरून उठवलं.

आदेमारांनी लिहिलं, 'शनिवारी अकराच्या बसनं बहुधा येतो.' सात वेळा वाचलं. मग 'बहुधा' खोडलं आणि कागद छापला.

टपाल कचेरीत थर्मास पुन्हा काखेत होताच. एका हातानं तिकीट चिकटेना. त्यांनी थर्मास आणि तुंबा खिडकीशी ठेवले, दोन्ही हातांनी तिकीट दाबलं आणि पाकीट पेटीत टाकलं.

अर्ध्या वाटेवर काख हलकी लागली. पण ते परत गेले नाहीत. गेलो तर पाकीटही परत मागू, अशी त्यांना स्वतःबद्दल खात्री होती.