जाळीपाशी कापलेला फोटो

"जयवंता, हलू नको गं! देवराव फोटो काढायलेत!"

विमलाबाईंचा आवाज सिकंदराबादच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये घुमला आणि अख्खा हॉल खो खो हसला. हसतील नाही तर काय? बॅडमिंटनची फायनल चाललेली, शटल हवेत, आणि आई मुलीला हलू नको म्हणून सांगतेय. पण जयवंता खरंच थबकली. क्षणभरच, पण तेवढ्यात शटल तिच्या पायाशी पडलं आणि गुण गेला.

"आई, गप बस ना तू!" ती कोर्टावरूनच ओरडली.

मला हसू आलं नाही, कारण ते शब्द माझे होते. हैदराबादेत आबिड्सच्या स्टुडिओत मी माणसांना खुर्चीवर बसवायचो, हनुवटी वर करायला लावायचो आणि म्हणायचो, "हलू नका, फोटो हलतो." जयवंताचे वडील एकनाथराव, त्यांचं सगळं बिऱ्हाड माझ्यापुढे असंच श्वास रोखून बसलं होतं, जयवंता धरून. आमच्या लोकांत तेव्हा फोटो म्हणजे गप बसून राहणं. मीही आयुष्यभर गप बसलेल्या माणसांचेच फोटो काढत आलो होतो, आणि आता एका उड्या मारणाऱ्या पोरीचा फोटो काढायला निघालो होतो.

ते छप्पन साल होतं. दिवाळीच्या तोंडावर हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी म्हैसूरकडे आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात. कचेरीतल्या कारकुनांची वाटणी तर घरातल्या भांड्यांसारखी चालली होती. एकनाथराव मूळचे परभणीकडचे, महसूल कचेरीत कारकून. त्यांच्या नावापुढे मुंबई राज्य पडलं होतं, म्हणजे बिऱ्हाड औरंगाबादला हलणार. पण जाण्याआधी जयवंताला ही शेवटची स्पर्धा खेळायची होती. जी जिंकेल ती दिल्लीला राष्ट्रीय स्पर्धेला जाईल, असं बॅडमिंटन मंडळाचे सेक्रेटरी केशवराव यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

केशवराव आपलेच, मराठी. ते हैदराबादेतच राहणार होते आणि नव्या सरकारात कुणाकुणाला खूश ठेवायचं याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सारखा चालू असायचा. जयवंताबद्दल एकदा मला म्हणाले होते, "तुमच्या लोकांतली पोरगी बॅडमिंटन खेळते म्हणजे कौतुकच हं." तुमच्या लोकांतली! तेव्हा मी नुसती मान हलवली.

फोटो मंडळालाच हवा होता, वर्तमानपत्रात द्यायला. हॉलमध्ये उजेड म्हणाल तर वर टांगलेले पिवळट दिवे, आणि त्यांच्याभोवती किडे. असल्या उजेडात पळणाऱ्या माणसाचा फोटो काढला की कागदावर माणूस उतरत नाही, धूर उतरतो. पहिल्या गेममध्ये मी फ्लॅश उडवला. सुगुणा, समोरची मुलगी, डोळ्यांवर हात घेऊन उभी राहिली. पंच माझ्यावर डाफरले. बरोबरच होतं त्यांचं. फोटोपायी कुणाचा गुण जाऊ नये. मी फ्लॅश काढून पिशवीत टाकला. तर लगेच केशवराव कानाशी लागले.

"फ्लॅशशिवाय काय दिसणार, देवराव? पेपरवाले हसतील आपल्याला."

"दिसंल, साहेब. तुम्ही जरा बाजूला व्हा."

विमलाबाईंच्या ओरडण्यानंतर मी जाळीच्या खांबाशी खाली बसलो, त्यांना कॅमेरा दिसणार नाही असा. भिंग होतं तितकं उघडलं आणि नजर जाळीच्या अंतरावर बांधून ठेवली. उडी मारलेला माणूस वर पोचला की खाली यायच्या आधी एक पळभर हवेत टांगल्यासारखा थांबतो. तेवढाच आपला. आधी दाबलं तरी गेलं, नंतर दाबलं तरी गेलं. आणि जयवंता उडी मारायच्या आधी डावा पाय लाकडी फळीवर आपटायची. मी डोळ्यांनी बघणं सोडलं आणि त्या आवाजाकडे कान लावून बसलो.

तिसरा गेम. दोघी घामाने निथळत होत्या. सुगुणाही काही लेचीपेची नव्हती, चांगली खेळत होती. शेवटच्या गुणाला तिचं शटल जाळीजवळच उंच आलं. फळीवर पाय आपटला. मी बटण दाबलं. हॉलमध्ये एकच गलका झाला. जयवंता जिंकली होती, आणि विमलाबाई शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडत होत्या.

त्या फिल्मला मी औषधात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवलं, अंधारातून निघेल तेवढं काढलं. दाणे उठले, पण चित्र आलं. काय चित्र आलं म्हणून सांगू! डावीकडे जयवंता हवेत, चेहरा लख्ख, दात आवळलेले, रॅकेटचा हात मात्र हललेला, पांढरा फराटा नुसता. मधे जाळी. जाळीवरून पलीकडे गेलेली शटलची एक रेघ, आणि उजवीकडे मागे झेपावलेली सुगुणा. मी आयुष्यात तसा फोटो काढला नव्हता. पुढेही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी केशवराव स्टुडिओत आले. दोरीवर वाळणारा फोटो त्यांनी निरखला.

"वा! आता असं करा, हा इथे जाळीपाशी कापा. उजवीकडचा भाग तेवढा छापून द्या."

मला वाटलं, चुकून बोलले. "साहेब, जिंकलेली डावीकडं हाय."

"ठाऊक आहे हो. पण दिल्लीला सुगुणा जाणार. नव्या राज्याचा संघ आहे. एकनाथराव तर मुंबई राज्यात गेले. पाहुण्यांची पोरगी कशी पाठवायची?"

"पाहुणे? पोरगी जन्मली इथं. आन् जी जिंकंल ती जाईल, हे तुम्हीच बोलले ना हॉलमधी?"

"मुंबईवाल्यांना विचारू द्या त्यांना."

"एकनाथरावांनी आधीच विचारलं की! मुंबईवाल्यांनी सांगितलं, तुमची स्पर्धा हैदराबादची, आम्ही नाही धरत. मग पोरगी कुठली म्हणायची? हवेतली?"

माझा आवाज चढला होता. काउंटरमागून मालक हमीदमियां उठून आले. भला माणूस, पण मंडळाची सगळी कामं आमच्याकडे यायची. "देवराव, गुस्सा नक्को करो. काट देव ना जी, क्या जाता अपना?"

"मी नाही कापणार."

केशवराव हसले. टेबलावर फोटोच्या कडा कापायची कात्री होती आणि शेजारी निगेटिव्ह. मला काही कळायच्या आत त्यांनी निगेटिव्ह उचललं आणि चर्र करून बरोबर जाळीवर कात्री चालवली. निगेटिव्ह! म्हणजे पुन्हा कधी अख्खा फोटो निघू नये. शिकल्यासवरलेल्या माणसाने शांतपणे, चष्मा सावरून केलं ते. मी त्यांचं मनगट धरलं. त्या दुकानात मी कधी गिऱ्हाइकाला हात लावला नव्हता. इतकं घट्ट धरलं की कात्री खाली पडली. आजही ते आठवलं की वाटतं, सोडायला नको होतं.

"दोरीवरचा पण काढा," मनगट चोळत ते हमीदमियांना म्हणाले. मालकांनी माझ्याकडे न बघता फोटो काढून त्यांना दिला. निगेटिव्हचा उजवा तुकडाही केशवरावांनी पाकिटात घातला. डावा तुकडा जमिनीवर पडला होता. तो मी उचलून खिशात ठेवला.

पेपरात सुगुणा एकटीच छापली गेली. पेपरवाल्यांनी शटलची रेघही रंग लावून पुसून टाकली होती. मागे झुकलेली, तोल गेलेली मुलगी, समोर कुणी नाही. लोकांना वाटलं, ही धडपडली की काय. चांगल्या खेळणाऱ्या पोरीचं हसं झालं. एकीला कापली आणि दुसरीची अब्रू घालवली, आणि खाली नाव केशवरावांचं, सेक्रेटरी म्हणून.

डाव्या तुकड्याचा फोटो मोठा करून मी त्याला काच लावली आणि एकनाथरावांच्या खोलीवर गेलो. टांगा दारात उभा होता. भिंती मोकळ्या झाल्या होत्या, त्याच महिन्यात नागपूरच्या दीक्षेहून आणलेली बुद्धाची तसबीर तेवढी ट्रंकेवर ठेवलेली. जयवंता पायरीवर बसली होती. फोटो तिने एकदा पाहिला, अंगठ्याने कापलेली कड चाचपली आणि आईकडे दिला. पोरगी शिव्या घालती तर बरं वाटलं असतं.

शेजारची सखू म्हातारी वाकून बघायला लागली. "आगं, हात हललाय की पोरीचा. देवराव, बिघडला वो फोटो."



विमलाबाईंनी पदराने काच पुसली. "हलणारच," त्या म्हणाल्या. "मारलाय तिनं."

ट्रंकेत अजून जागा होती. त्यांनी फोटो ट्रंकेत ठेवला नाही. टांग्यात बसल्या आणि मांडीवर घेतला, तोंड रस्त्याकडे करून.