येळवशीच्या दिवशीची सुई

कोहिनूर गावच्या शाळेत तिसरीच्या पोरांना पाढे पाठ करून घेण्याचा सुशीलाबाईंना कंटाळा यायचाच, पण त्याच्या दसपट कंटाळा त्यांना एका प्रश्नाचा आला होता. "ह्यात शेंगा हायत का?" गेली आठ वर्षं त्या हा प्रश्न विचारत होत्या. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, देवळातल्या प्रसादाला, शेजारणीनं कौतुकानं पाठवलेल्या वाटीला, सगळीकडे. वांग्यात कूट, आमटीत कूट, उपास असला तर दुप्पट कूट आणि पाहुणा टेकायच्या आधी त्याच्या पुढ्यात शेंगाची चटणी, असा हा मुलूख. नेमक्या इथंच जन्मलेल्या त्यांच्या कस्तुरीला शेंगदाण्याचा एक कणही सोसत नव्हता.

दोन वर्षांची असताना तिनं शेंगाच्या पोळीचा तुकडा चघळला आणि तोंड सुजून डोळे मिटले. पाचव्या वर्षी एका लग्नात तर श्वासच अडकला. नशीब म्हणून दारात जीप होती. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी सुई दिली, पोरगी परत आणली आणि सुशीलाबाईंच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. ॲड्रिनलिनच्या कुप्या कायम जवळ ठेवा, द्यायला शिका. डॉक्टर बोलून मोकळे झाले. पण शिकणार कोण, शिकवणार कोण?

लोकांचं तर काय सांगावं! कुणी नजर लागली म्हणायचं, कुणी रोज चिमूटभर खाऊ घाला, सवय होईल, असा सल्ला द्यायचं. जणू लेकीचा जीव म्हणजे प्रयोग करायची वस्तू. नवरा, हणमंतराव, अफजलपूरला पाटबंधारे खात्यात. शनिवारी येत, सोमवारी पहाटे जात, आणि मधल्या वेळात "तू लई काळजी करतीस" एवढं सांगून ठेवत. काळजीतला आपला वाटा उचलायचा नसला की माणसं ती फार आहे असं म्हणतात.

म्हणून सगळं सुशीलाबाईंनी एकटीनं अंगावर घेतलं. घरात शेंगा बंद. तेल फक्त करडईचं, तेही गुंडप्पाच्या घाण्यावरचं. गुंडप्पा त्याच घाण्यात शेंगाही गाळायचा. त्यामुळं बाईंचा नियम ठरलेला होता. शेंगांच्या मागून करडई घातली, तर पहिले दोन घाणे दुसऱ्यांनी न्यावेत, तिसरा बाईंचा. गुंडप्पा हसायचा, पण पाळायचा. कस्तुरी दुसऱ्याच्या घरी पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. दहा वर्षांची पोर, पण कुठल्याही समारंभात आईच्या पदराआडून डबा उघडून जेवायची.

एवढं करूनही दोन वर्षांपूर्वी शाळेत कुणाची तरी चटणी तिच्या भाकरीला लागली. सुशीलाबाईंनी डबा उघडला, कुपी हातात घेतली आणि ती कापऱ्या बोटांतून पडून फुटली. दुसरी कुपी होती, पण हात हलेनात. शेवटी एक पोरगी पळत जाऊन नर्स इंदिराबाईंना घेऊन आली आणि त्यांनी सुई दिली. कस्तुरी वाचली. पण त्या दिवसापासून सुशीलाबाईंना रात्रंदिवस एकच दिसायचं, जमिनीवर फुटलेली काच आणि आपले मेलेले हात. शेंगांची भीती जुनीच होती, आता तिच्यात स्वतःच्या हातांची भर पडली.

इंदिराबाई गावातल्या आरोग्य उपकेंद्रावर होत्या. तोंडानं फटकळ, हाताला हलक्या. पुढच्याच रविवारी त्या चार वांगी घेऊन दारात हजर झाल्या.

"बसा. हे तुमचं लेकरू," त्यांनी एक वांगं पुढं केलं. "टोचा."

मग प्रत्येक रविवारी हाच कार्यक्रम. काचेची सिरिंज उकळायची, पुसायची, स्टीलच्या डब्यात स्वच्छ फडक्यात ठेवायची. कुपीच्या मानेवर छोटी कानस फिरवून टक्कन मोडायची. पाव सी.सी. औषध ओढायचं, हवा काढायची. सरावाला साधं पाणी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, सरळ आत. खऱ्या कुप्या रांजणाखालच्या गार वाळूत पुरलेल्या असत आणि त्यातलं औषध तांबूस दिसलं की टाकून द्यायचं. घरातली सगळी वांगी भोकं पडलेली असायची. हणमंतरावांनी एकदा विचारलंच, भाजीत काळे डाग कसले?

सहा महिन्यांनी वांगी बिनचूक टोचली जाऊ लागली. इंदिराबाई म्हणाल्या, "वांगं वरडत न्हाई, बाई. लेकरू वरडतंय. तुमी त्या वरडण्याला भ्यायलाव."

"माझ्या हातून चूक झाली तर?"

"काय चूक व्हईल? ह्या सुईनं छाती धडधडंल, हात कापतील, पोरगी रडंल. न दिल्यानं काय व्हतंय ते तुमी डोळ्यानं बगितलाव. आवाज बदलला, दम लागला, की इचार करत बसायचं न्हाई. द्यायची, अन् मग दवाखान्याकडं पळायचं. सुई दिली मंजे काम संपलं असं न्हाई."

त्या दिवशी इंदिराबाईंनी बाईंना स्वतःच्या मांडीत नुसत्या पाण्याची सुई टोचून घ्यायला लावली. टोचली. दुखलं, पण फार नाही. तरी मनातली भीती जागची हलली नाही.

आणि ती येळवस आली. वेळ अमावस्येला आपल्याकडे गावात कुत्रं राहत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, त्यांच्यापुढं पाल्या-दाण्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाताला धरून पंगतीला बसवायचं. जेवायला नाही म्हणणं ही त्या दिवशी शिवी. शेजारच्या रुद्रम्मा चार वर्षं बोलवत होत्या आणि सुशीलाबाई चार वर्षं डोकेदुखी सांगत होत्या. पाचव्या वर्षी कस्तुरीच रडली, "सगळे जायलेत, मलाच कामून न्हाई?" तेव्हा त्या निघाल्या. बरोबर स्वतःचा डबा आणि औषधाचा डबा.

येळवशीच्या भज्जीत ओल्या शेंगा असतातच. पण रुद्रम्मांनी वेगळंच काही करून ठेवलं होतं. नव्या मडक्यात, नवा डाव घेऊन, चुलीच्या दुसऱ्या तोंडावर त्यांनी कस्तुरीसाठी बिनशेंगांची भज्जी शिजवली होती.

"तीन बारी हात धुतले, बाई. वाटाणा, तुरी, चुका. शेंगा न्हाई. लेकराला वाढू का?"

सुशीलाबाईंना भरून आलं, तरी त्या म्हणाल्या, "नको, रुद्रम्मा. तिचं तिनं आणलंय."

"माझ्या हातचं चालत न्हाई व्हय?"

"तसं न्हाई हो."

"मग कसं?" रुद्रम्मांनी मडक्यावर झाकण ठेवलं. कस्तुरी बांधावर बसून घरची भाकरी, वांग्याची भाजी आणि कच्चं तेल घातलेली जवसाची चटणी खाऊ लागली.

जेवून ती झोक्याकडं पळाली. थोड्याच वेळात परत आली, मान खाजवत. ओठ फुगले होते. "आई, घशात कसंतरी व्हायलंय," ती म्हणाली, आणि तो आवाज तिचा नव्हता.

सुशीलाबाईंनी तिला ओढून जवळ घेतलं. त्या रुद्रम्मांवरच ओरडल्या, "दिलंत ना काहीतरी! नको मनलं तरी दिलंत!"

"शिवाची आण, बाई, मी हात लावला न्हाई," रुद्रम्मा म्हणाल्या. मागून कुणीतरी बैलगाडी जोडायला पळालं, कुणी डॉक्टरांचं नाव घेतलं. पण येळवशीला डॉक्टर कुठला? तोही आपल्या शेतात, आपल्या कोपीत. इंदिराबाई भालकीला भावाकडं गेलेल्या. बसवकल्याणची बस सकाळी गेलेली. कस्तुरीच्या छातीतून शिट्टी वाजू लागली होती.

डबा उघडला. हात कापत होते, अगदी त्या दिवशीसारखेच. सुशीलाबाईंना वाटलं होतं की इतक्या सरावानंतर ते कापणार नाहीत. आता त्यांना कळलं की ते कापणारच, कापत्या हातांनीच करायचं आहे. कानस फिरवली. कुपीची मान मोडताना बोट कापलं. औषध ओढलं, पाव सी.सी.च्या रेघेशी डोळे नेऊन पाहिलं, हवा काढली.

"पाय धरा, रुद्रम्मा."

जिच्यावर आत्ताच आळ घेतला होता तिनंच पोरीचा गुडघा घट्ट धरला. कस्तुरी ओरडली, जेवढं ओरडता येत होतं तेवढं. सुशीलाबाईंनी सुई सरळ आत घातली आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबला.

पहिलं मिनिट काहीच झालं नाही. दुसरं मिनिट त्याहून लांब. मग कस्तुरीचे हात थरथरू लागले, ती पांढरी पडली, आणि शिट्टी हळूहळू बारीक झाली. पाचव्या मिनिटाला ती रडली. स्वतःच्या आवाजात. तो आवाज ऐकल्यावर सुशीलाबाईंनी हातातली सुई खाली ठेवली.

कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून बसवकल्याणला नेलं. डॉक्टर शेतातून यायला तास गेला. त्यांनी छाती तपासली, कुपी पाहिली आणि विचारलं, "सुई कुणी दिली?"

"मी," सुशीलाबाई म्हणाल्या.

"बरोबर दिलीत. आज रात्र इथं ठेवू, पुन्हा उलटू शकतं."

संध्याकाळी खाटेवर टेकून बसलेली कस्तुरी म्हणाली, "आई, रुद्रम्मा अज्जीला कामून रागावलीस? मी त्यांचं काईच खाल्लं न्हाई. चटणी तेवडी निराळी लागली, आपलीच."

चटणी. चटणीवरचं तेल. सुशीलाबाईंना आठवलं. आदल्या दिवशी शाळेत तपासणी होती. सहा वाजता सुटून त्या गुंडप्पाकडं गेल्या, तिथं सणाची गर्दी. त्यांनी बरणी पुढं केली, त्यानं भरून दिली. कितवा घाणा, हे त्यांनी विचारलं नाही. आठ वर्षांत तेवढं एकदाच. विसरल्या नव्हत्या. प्रश्न ओठांवर आला होता, पण तोंड उघडायचाच इतका शीण आला होता की म्हटलं, राहू दे, देईल तो बरोबर. दुसऱ्या दिवशी गुंडप्पा शपथेवर सांगणार होता, शेंगांच्या मागचा पहिलाच घाणा होता, अन् बाई, तुमी काई बोलला न्हाईत.

सगळ्या जगाच्या हातावर संशय घेतला आणि लेकीला विष घातलं ते स्वतःच्या हातानं. सुशीलाबाई तोंडात पदर कोंबून रडल्या. पण रडून झाल्यावर त्यांना नवल वाटलं. ज्या चुकीच्या धाकानं आठ वर्षं झोप लागली नाही, ती चूक झाली होती, त्यांच्याच हातून झाली होती, आणि पोरगी समोर बसून पेरू मागत होती. राखण करता करता माणूस थकतंच, आणि थकलं की चुकतंच. त्याला इलाज नाही. चुकीनंतरचा इलाज मात्र हातात होता.

रविवारी त्या कस्तुरीला घेऊन रुद्रम्मांच्या दारात गेल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तेल माझ्या घरचं होतं. तुमच्यावर आळ घेतला."

रुद्रम्मांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "बसा. भाकरी गरम हाय."

सुशीलाबाई सवयीनं प्रश्न विचारायला तोंड उघडणार, तोवर कस्तुरीच चुलीपुढं जाऊन बसली होती.

"अज्जी, आमटीत कूट हाय का? तेल कुणाच्या घाण्याचं?"

"कूट न्हाई, तेलबी न्हाई गं. घरचं लोणी कढवलंय."

"डाव कशातला हाय?"

"आता धुतला, बग."

"पुन्ना धुवा. माझ्यासमोर. अन् ती लाल चटणी नको, ती लांब ठेवा. आमटी चालंल."

पंचाहत्तरीच्या आसपासच्या रुद्रम्मा गुपचूप उठल्या आणि दहा वर्षांच्या पोरीच्या देखत त्यांनी डाव पुन्हा धुतला. सुशीलाबाई भिंतीला टेकून पाहत होत्या. मध्ये बोलायचं त्यांना दोनदा वाटलं, दोनदा त्यांनी गिळलं. पोरीनं विचारलेल्यात काही राहिलं नव्हतं.

कस्तुरीनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, आधी जिभेच्या टोकाला लावून थांबली. मग खाऊ लागली. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या ताटात. सुशीलाबाईंची छाती धडधडत होती ती धडधडतच राहिली. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. त्यांना भूक लागली होती.

"रुद्रम्मा," त्या पाट ओढून लेकीशेजारी बसत म्हणाल्या, "मलाबी वाढा."