सेंट ओडिलचा भोंगा आणि नागपूरचा शंख

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पितळेचा, तीन गळ्यांचा आणि खरं सांगायचं तर थोडा गर्विष्ठ. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी सेंट ओडिल नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या फेरीबोटीच्या छपरावर माझा मुक्काम असतो. ही बोट दिवसभर मोटारी आणि माणसं या काठावरून त्या काठावर नेते. तिला इंजिन आहे, सुकाणू आहे, रडारही आहे. पण आवाज मात्र माझा आहे. शंभरी मी कधीच ओलांडली, तरी घसा अजून खणखणीत आहे.

हे गाव वसवलं फ्रेंच व्यापाऱ्यांनी. तेव्हा इथे नदी हाच हमरस्ता होता. वरच्या अंगाने कातडी, शिसं आणि मीठ यायचं, इथून गव्हाचं पीठ खाली न्यू ऑर्लिन्सला जायचं. जुन्या घरांच्या लांबच लांब पडव्या अजूनही नदीकडे तोंड करून आहेत, कारण गावाचं बरंवाईट सगळं तिकडूनच यायचं. गल्ल्यांची नावं आजही फ्रेंच आहेत. ती नीट उच्चारता येणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत, पण पाट्या बदलायचं नाव कुणी काढत नाही.

माझा जन्म नदीकाठच्या एका ओतशाळेत झाला. कारागिराने माझ्या पोटात तीन कप्पे ठेवले, म्हणून मी एकटा ओरडलो तरी तिघे जण गात आहेत असं वाटतं. मला 'एतुआल' नावाच्या आगबोटीवर बसवलं. एतुआल म्हणजे फ्रेंचमध्ये तारा. तिची चाकं पाणी कापत निघाली आणि माझ्या पोटात पहिल्यांदा वाफ शिरली, तेव्हा काठावरची कोंबडी सैरावैरा पळाली होती. मला ते फार आवडलं.

आमच्या नदीवर एक रीत होती. समोरून दुसरी बोट आली की भोंग्याने विचारायचं आणि तिने भोंग्यानेच उत्तर द्यायचं. एक आवाज म्हणजे मी या बाजूने जाते, दोन म्हणजे त्या बाजूने. उत्तर येईपर्यंत पुढे जायचं नाही. दाट धुक्यात मात्र सगळ्यांनी थांबून थांबून एक लांब आवाज द्यायचा. त्याचा अर्थ, मी बोट आहे आणि मी इथे आहे. आपलं गाव दिसलं की आम्ही एक लांब आणि दोन आखूड आवाज द्यायचो. ते ऐकून बायका चुलीवर भांडं चढवायच्या. मग काठावरून कुणीतरी घंटा वाजवून ओ द्यायचं. हाक आणि ओ, एवढ्यावर आमची सगळी नदी चालायची.

पुढे आगगाड्या आल्या, मालमोटारी आल्या आणि एतुआल मोडीत निघाली. मला पिठाच्या गिरणीत नेऊन दाराला टेकण म्हणून ठेवलं. ज्याच्या आवाजाने गाव जागं व्हायचं, त्याने दार उघडं धरून उभं राहायचं! कोळ्यांनी माझ्या तिन्ही गळ्यांत संसार थाटले. किती वर्षं गेली ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

शेवटी फेरीबोटीच्या जुन्या कप्तानाची नजर माझ्यावर पडली. त्याने मला घासून घासून लख्ख केलं आणि बोटीवर बसवलं. आता वाफ नव्हती, टाकीत दाबून भरलेली हवा होती. गरम वाफेवर वाढलेल्या मला गार हवेवर गावं लागलं, पण गायला तरी मिळालं. त्या कप्तानाची मुलगी मार्गो आता बोट चालवते. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन घरच्या काठाशी येताना ती माझी दोरी ओढते. एक लांब, दोन आखूड. पण ओ मात्र कुठूनच यायची नाही. बोटी आता रेडिओवर बोलतात आणि काठावरच्या घंटेचा लोलक कधीच हरवला. मी हाक मारायचो आणि नदी गप्प राहायची. मित्रांनो, त्यासारखं दुःख नाही.

अशात धक्क्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका जुन्या फ्रेंच घरात नवं बिऱ्हाड आलं. सिद्धेश पुण्यात नोकरीला लागला, तिथून अमेरिकेत अ‍ॅशबर्नला गेला आणि आता घरूनच काम करता येतं म्हणून शांत जागा शोधत इथे आला. त्याची बायको रुचा पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात काम करायची, त्यामुळे ती रोज माझ्याच बोटीने जायची. उन्हाळ्यात सिद्धेशची आई, शुभाताई, नागपूरहून आल्या.

शांत जागा शोधायला आला आणि राहिला माझ्या शेजारी! नेमकी त्याची मीटिंग चालू असताना मी ओरडायचो. "सगळी टीम हसते यार," तो रुचाला म्हणायचा. "बॉस विचारतो, आर यू ऑन अ शिप?" त्याने नगरपालिकेत रीतसर तक्रार केली. काठावर राहायला आलेल्या इतर नव्या लोकांनीही त्याला दुजोरा दिला.

शुभाताईंचं मात्र निराळंच. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला ऐकलं आणि पडवीत येऊन उभ्या राहिल्या. "कोण इतकं छान वाजवून राहिलं बाई, दिवेलागणीला?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅगेतून आपला शंख काढला. सासऱ्यांच्या मागे घरात कुणाला तो वाजवायचा दम नव्हता, म्हणून त्याच वाजवायला शिकल्या होत्या. मी एक लांब, दोन आखूड आवाज दिले आणि काठावरून उत्तर आलं. लांब, भरदार, जराही न थरथरणारं.

मार्गोने चमकून काठाकडे पाहिलं. मी तर क्षणभर पितळेचा आहे हेच विसरलो. इतक्या वर्षांनी मला ओ मिळाली होती! त्या दिवसापासून आमचं रोजचं ठरलं. मार्गो धक्क्यावर भेटली की शुभाताई तिला "मार्गोबाई" म्हणायच्या आणि हातावर शंकरपाळे ठेवायच्या. एकीची भाषा दुसरीला धड येत नव्हती, पण गप्पा मात्र खंड न पडता चालायच्या.

मग गणपती आले. सकाळी पडवीत आरती झाली, सेंट लुइसहून पाहुणे आले होते, आणि शुभाताईंनी जोरात शंख फुंकला. चूक एवढीच झाली की त्या सकाळी नदीवर धुकं होतं आणि आमची बोट मधोमध होती. धुक्यात एक लांब आवाज! रोजचा शंख संध्याकाळी वाजायचा, म्हणून मार्गोला वाटलं, समोरून बोट आली. रडारवर काही दिसत नव्हतं, तरी तिने नियमाप्रमाणे इंजिन थांबवलं. आरती काही लवकर संपेना आणि ती न दिसणारी बोट काही हटेना. आम्ही वाहत वाहत वाळूच्या बेटाला जाऊन टेकलो. कुणाला इजा झाली नाही, पण माणसांना कामावर जायला उशीर झाला आणि भोपळ्यांचा एक ट्रक दुपारपर्यंत बोटीवर अडकला.

गावाची सभा भरली. काठावर शंख वाजवायला बंदी झाली. सिद्धेशच्या तक्रारीचाही तिथेच निकाल लागला: बोटीवर विजेवर चालणारा बेताच्या आवाजाचा नवा भोंगा बसवायचा आणि मला संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवायचं. मार्गो उठून म्हणाली, "काचेत ठेवलेला भोंगा म्हणजे गालिच्यावर ठेवलेली होडी." पण मतं मोजून झाली होती. सिद्धेशला हवी ती शांतता मिळाली, पण घरी आई त्याच्याशी मोजकंच बोलू लागली.

"आई, मी तुझ्या शंखाबद्दल काही म्हटलंच नव्हतं," तो म्हणाला.

"त्याची हाक बंद केली, तर माझी ओ कुठे राहिली रे?" शुभाताई म्हणाल्या आणि शंख कपड्यात गुंडाळून ठेवून दिला.

नवा भोंगा आला. त्याचा आवाज म्हणजे बाळाने रबराचं बदक दाबावं तसा. माझ्या हवेच्या नळीची चावी मार्गोने बंद केली, पण मला उतरवायचं ती आज करू, उद्या करू म्हणत लांबवत होती. मी छपरावर मुका बसून होतो. आता काचेची पेटी आणि मग कायमची चुप्पी. गिरणीत निदान दाराचा तरी उपयोग व्हायचा.

त्या आठवड्यात वरच्या भागात पाऊस झाला होता आणि नदीला ओढ होती. सकाळी पलीकडून निघताना आकाश स्वच्छ होतं. रात्रपाळी संपवून रुचा बोटीवर होती, सोबत मोटारी होत्या, शाळेच्या काही शिक्षिका होत्या. अर्ध्यावर आलो आणि धुक्याने आम्हाला गिळलं. पाठोपाठ बोटीवरची वीज गेली. इंजिनं चालू राहिली, पण रडार गेलं, रेडिओ गेला आणि ते रबराचं बदकही गेलं. आमच्या धक्क्याच्या खालच्या अंगाला, प्रवाहाला अडवायला घातलेला दगडी बांध पाण्याखाली दडलेला आहे. मधोमध थांबावं, तर प्रवाह तिकडेच नेणार. पुढे जावं, तर धक्का दिसत नाही.

मार्गोने शिडीवर चढून माझी चावी उघडली. "ओरड, म्हाताऱ्या," ती म्हणाली. टाकीत होती तेवढीच हवा होती, पण मी ओरडलो. काठावरून काहीच आलं नाही. येणार तरी कसं? ओ द्यायला बंदी होती.

रुचाने फोन काढला. नदीवर फोनला रेंज येते ती तिच्या मर्जीने. कॉल लागेना, म्हणून तिने फक्त दोन शब्द पाठवले: "आईंचा शंख!" तो निरोप कसा गेला देव जाणे, पण गेला.

काठावर काय झालं, ते मला मागाहून रुचाच्या तोंडून कळलं. सिद्धेश मीटिंगमध्ये होता. फोन पाहिला आणि हेडफोन तसाच टाकून तो धावला. शुभाताईंनी तोपर्यंत मला ऐकलं होतं आणि कपड्याची गाठ सोडून त्या पडवीत आल्याच होत्या. त्यांनी शंख फुंकला.

तो आवाज आला आणि बोटीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मार्गोने सुकाणू तिकडे वळवलं. आणि शंख एकदम थांबला. एक नाही, दोन नाही. मी पुन्हा हाक मारली, आता माझाही आवाज बसत चालला होता, तरी उत्तर नाही. 

तिकडे पडवीत शुभाताईंनीच शंख खाली घेतला होता. "इथून वाजवलं तर बोट इथेच येईल ना रे! इथे तर दगड आहेत. धक्क्यावर चल, गाडी काढ!"

"आई, गाडी काढण्यापेक्षा पळत जाऊ!" सिद्धेश म्हणाला, आणि आईचा हात धरून तो उताराने धक्क्याकडे पळाला. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणाऱ्या शुभाताई त्या सकाळी ओल्या गवतावरून धावल्या. धक्क्याच्या टोकाला पोचल्या तेव्हा त्यांच्यात श्वास उरला नव्हता. त्यांनी शंख सिद्धेशच्या हातात दिला.

"मला कुठे येतं, आई?"

"लहानपणी माझ्याकडून शिकला होतास. फुंक!"

त्याने फुंकलं. फुस्स झालं. पुन्हा फुंकलं, पुन्हा फुस्स. माझी शेवटची हाक तेव्हा नदीवरून गेली. टाकीतली उरलीसुरली हवा, तिन्ही गळ्यांचं मिळून एक घोगरं बोलणं. ती ऐकून त्याने डोळे मिटले, गाल फुगवले आणि सगळा जीव त्या शंखात ओतला.

मित्रांनो, तो आवाज काही सुंदर नव्हता. वाट चुकलेल्या म्हशीने हंबरावं तसा होता. पण मी तो लगेच ओळखला, कारण तो थेट समोरून, धक्क्यावरून येत होता! मार्गोने सुकाणू फिरवलं. म्हैस हंबरत राहिली, थांबून थांबून, आणि आम्ही तिच्या मागे मागे धुकं कापत गेलो. डाव्या हाताला बांधावरून फुटणाऱ्या पाण्याचा आवाज जवळ आला, मग मागे पडला. आणि बोटीची फळी धक्क्याला लागली. ठोक!

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! बोटीवरच्या सगळ्या मोटारींनी हॉर्न वाजवले. रुचा धावत उतरली आणि नवऱ्याला नाही, आधी सासूला मिठी मारली. सिद्धेशच्या ओठांवर शंखाच्या कडेचा वळ उमटला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. मार्गोने शुभाताईंचे दोन्ही हात धरले आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. शुभाताईंनी मराठीत उत्तर दिलं. दोघींना सगळं समजलं.

पुढच्या सभेत पहिला सिद्धेशच उभा राहिला. "तक्रार माझी होती," तो म्हणाला. "मी ती मागे घेतो. भोंगा राहू द्या, आणि धक्क्यावर एक शंखही राहू द्या." एकही हात विरोधात वर गेला नाही. काचेची पेटी परत गेली. काठावरच्या घंटेला नवा लोलक बसला. नव्या रबराच्या बदकाला कोपऱ्यात जागा दिली आहे. मी त्याच्याशी सांभाळून बोलतो, लहान आहे ते.

शुभाताई आता नागपूरला परत गेल्या. शंख इथेच ठेवून गेल्या. संध्याकाळी माझी हाक ऐकली की सिद्धेश मीटिंगमध्ये "वन मिनिट, प्लीज" म्हणतो, पडवीत येतो आणि ओ देतो. म्हैस आता बरीच सुरात आली आहे. त्याची टीमही म्हणे ते ऐकल्याशिवाय मीटिंग संपवत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना फक्त पुसून चकचकीत ठेवू नका, त्यांना त्यांचं काम करू द्या. आणि कुणी हाक मारली, माणसाने, पाखराने किंवा माझ्यासारख्या म्हाताऱ्या पितळेने, तर गप्प राहू नका.

बघा, दिवेलागण झाली. मार्गोने दोरीला हात घातला आहे. एक लांब, दोन आखूड... ऐकलंत? पडवीचं दार उघडलं.